जुलै ते जानेवारी : आमच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी क्रीडासंचालक आहे. मुलांच्या बास्केटबॉल संघाला शिकवण्याचे कामही माझ्याकडेच आहे, कारण आमच्यासारख्या महाविद्यालयांत प्रत्येक खेळाला स्वतंत्र प्रशिक्षक नेमण्याची सोय नसते. गेल्या वर्षी आमचा हंगाम ज्या रीतीने पार पडला, ती रीत इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांना आणि खेळाडूंच्या पालकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हे सविस्तर लिहीत आहे. मुलांची नावे देत नाही. बास्केटबॉलमध्ये जर्सीला चार ते पंधरा हे क्रमांक देण्याची जुनी पद्धत आहे. नव्या नियमांनी त्यात बरीच मोकळीक दिली असली तरी आमचा संच जुन्याच क्रमांकांचा आहे, म्हणून प्रत्येकाचा उल्लेख त्याच्या क्रमांकाने करतो.

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाडूचा हंगाम सुरू होतो तो आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धेने, जिला सगळे जण ‘झोनल’ म्हणतात. झोनलमधले वरचे संघ आंतरविभागीय स्पर्धेला जातात, या स्पर्धांतील खेळ पाहून विद्यापीठाच्या संघासाठी मुलांना निवड चाचणीला बोलावले जाते, आणि विद्यापीठाचा संघ असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठांशी खेळतो. तेथे पहिल्या चारांत आलेले संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. कागदावर ही रचना चांगली आहे आणि तिच्यातून उत्तम खेळाडू वर आलेही आहेत. परंतु बहुतेक महाविद्यालयांचा हंगाम झोनलच्या पहिल्याच दिवशी संपतो, कारण सामने बाद पद्धतीने होतात. सोळा संघ आले तर त्यांपैकी आठ संघ एकच सामना खेळून परतीच्या गाडीला लागतात. म्हणजे जुलैपासून घाम गाळणाऱ्या मुलाच्या वाट्याला दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर येतात, आणि राखीव खेळाडूला तेवढेही मिळत नाहीत.

बाद पद्धत कोणी हौसेने ठेवलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. यजमान महाविद्यालयाकडे मैदान बहुधा एकच असते, पंच मोजके असतात, मुलांच्या निवासाचा आणि जेवणाचा खर्च असतो आणि सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते. दोन-तीन दिवसांत निकाल लावण्याचा दुसरा मार्ग नसतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्येही मार्च महिन्यात 68 संघांची बाद फेरीच होते, आणि तिची चर्चा जगभर चालते. फरक इतकाच की तेथील वरच्या श्रेणीतील संघ त्याआधी नोव्हेंबरपासून तीसच्या आसपास सामने खेळून आलेला असतो. आमची मुले मात्र पहिला खरा सामना खेळतात तोच हरल्यास घरी पाठवणारा असतो. हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे घोळत होता आणि गेल्या हंगामाची आखणी मी त्याभोवतीच केली.

जुलैमध्ये प्रवेश आटोपताच निवड चाचणी घेतली. आमच्या भागात शाळेपासून बास्केटबॉल खेळलेली मुले थोडी. कबड्डी, व्हॉलीबॉल आणि खो-खो खेळलेली पुष्कळ. त्यामुळे पहिल्या चाचणीत मी बास्केट किती जणांनी केल्या हे फारसे पाहत नाही. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, पाय एकमेकांना न लावता आडवे सरकत राहणे कोणाला किती वेळ जमते, हे पाहतो. खो-खो खेळलेल्या मुलाला ते लवकर जमते. आमचा अकरा नंबर व्हॉलीबॉलमधून आला होता. उंची सहा फुटांच्या वर आणि उडी अशी की रिंग हाताला लागावी, पण हात खाली आणण्याची सवय इतकी पक्की की चेंडूऐवजी समोरच्याचे मनगटच हाती यायचे. सात नंबरची गोष्ट वेगळी. त्याच्या घरी म्हशी आहेत. पहाटे धार काढून आणि डेअरीत दूध घालून तो मैदानावर येत असे, म्हणून आमच्या सकाळच्या सरावाची वेळ त्याच्या डेअरीच्या वेळेवर ठरली. कप्तान चार नंबर वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि संघात लहानपणापासून हाच खेळ खेळलेला तो एकटाच होता.

याच काळात कागदपत्रांचे काम करावे लागते. प्रत्येक खेळाडूच्या पात्रता अर्जाला दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाच्या शुल्काची पावती, छायाचित्र आणि प्राचार्यांची सही लागते. एका मुलाच्या जन्मतारखेत दोन कागदांवर फरक निघाला. विद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असल्याने अशी चूक सप्टेंबरमध्ये सापडली तर मुलगा घरी बसतो; जुलैत सापडली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. म्हणून चाचणीत निवड झाल्याच्या आठवड्यातच सगळे मूळ कागद माझ्या टेबलावर यावेत, असा माझा नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही.

आमचे मैदान उघडे आणि सिमेंटचे आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि पाय ठेवणेही धोक्याचे होते, म्हणून ऑगस्टअखेरपर्यंतचा सराव जुन्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात झाला. तेथे रिंग नाही, त्यामुळे नेमबाजी नाही. जिने चढणे, दोरीवरच्या उड्या, दोन हातांनी दोन चेंडू खेळवणे, जोडीजोडीने पास आणि बचावाची हालचाल एवढेच. मुले कंटाळतात, हे मला मान्य आहे. पण बचाव शिकवायला इतका चांगला काळ वर्षात दुसरा मिळत नाही, कारण रिंग समोर दिसली की कोणताही मुलगा बचावाकडे लक्ष देत नाही.

पाऊस ओसरल्यावर मैदान साफ करण्याचे काम संघानेच केले. ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवायची, सकाळी तारेच्या ब्रशने आणि खराट्याने घासायचे, पाणी मारायचे आणि ऊन पडले की पुन्हा तेच. शेवाळ निघाल्यावर खालून रेषांचे दोन संच उघडे पडले. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवरून 6.75 मीटरवर नेली आणि रिंगखालचा समलंब आकाराचा भाग आयताकृती केला. आमच्या मैदानावर दोन्ही काळांच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. रंगकाम करणाऱ्याला बोलावण्याऐवजी मी मुलांनाच आखणी करायला लावली. रिंगच्या बरोबर खाली ओळंबा सोडून मध्यबिंदू काढायचा, तो रिंगमागच्या शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर येतो की नाही हे टेपने तपासायचे, त्या बिंदूवर खिळा धरून दोरीने 6.75 मीटरचा कंस काढायचा आणि कोपऱ्यांत तो बाजूच्या रेषेपासून 90 सेंटीमीटरवर सरळ न्यायचा. फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर कोणी न अडवता नेम मारण्याची, रेषा बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागापासून 4.60 मीटरवर. जुन्या रेषा राखाडी रंगाने बुजवल्या आणि नव्या पांढऱ्या तेलरंगात मारल्या. ज्याने कोपऱ्यातले ते 90 सेंटीमीटर स्वतः मोजले आहेत, तो त्या कोपऱ्यातून नेम धरताना बाहेरच्या रेषेवर पाय देत नाही. नऊ नंबरची ती सवय तेव्हापासून सुटली.

या सगळ्याला समांतर, आसपासच्या तीन महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांशी माझे बोलणे चालू होते. प्रस्ताव साधा होता. सप्टेंबरपासून झोनलपर्यंत दर रविवारी चार महाविद्यालयांच्या संघांनी आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर साखळी सामने खेळायचे. करंडक नाही, बक्षीस नाही, उद्घाटन नाही. यजमानाने पोहे आणि चहा द्यायचा, पाहुण्यांनी एसटीने यायचे, आणि गावातील जुन्या खेळाडूंना पंच म्हणून विनंती करायची. एकच अट मी आग्रहाने घातली आणि ती सर्वांनी मान्य केली : अर्जावर नाव असलेल्या बाराही जणांना प्रत्येक रविवारी किमान एक पूर्ण क्वार्टर खेळवायचे. प्राचार्यांचे पत्र, पालकांची लेखी संमती आणि प्रथमोपचाराची पेटी एवढी तयारी झाल्यावर सामने सुरू झाले.

पहिल्या रविवारी आम्ही हरलो आणि दुसऱ्या रविवारीही हरलो. मला त्याचे दुःख झाले नाही, कारण व्हरांड्यात आणि आपापसांतल्या सरावात जे कधीच दिसले नसते ते त्या सामन्यांत दिसू लागले. अकरा नंबर तिसऱ्या क्वार्टरमध्येच पाच फाऊलची मर्यादा संपवून बाहेर बसायचा. समोरच्या संघाने पूर्ण मैदानभर प्रेस टाकला, म्हणजे आमच्याच अर्ध्यात येऊन अडवायला सुरुवात केली, की आमच्या मुलांना नियमाच्या आठ सेकंदांत अर्धे मैदान ओलांडता येत नसे, चेंडू सात नंबरकडे जायचा, दोघे त्याला घेरायचे आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे पाहत उभे राहायचे. चौथ्या क्वार्टरमध्ये फ्री थ्रो चुकत, कारण सरावात ते दम खाऊन मारलेले असत. या तिन्ही गोष्टी झोनलमध्ये पहिल्यांदा कळल्या असत्या तर त्यांवर काम करायला पुढचे वर्ष उजाडले असते.

आता सोमवार ते शनिवारच्या सरावाला विषय मिळाला. अकरा नंबरसाठी मी एक व्यायाम ठरवला : रिंगखाली उभे राहायचे, दोन्ही हात कानांच्या वर सरळ ठेवायचे, समोरून ले-अपला, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून नेम मारायला, येणाऱ्याला छातीने सामोरे जायचे आणि उडी घेतली तरी ती सरळ वर. आपल्या जागेवरून सरळ वर गेलेल्या बचावपटूला नियम संरक्षण देतो, हे त्याला नियमपुस्तिकेतून वाचून दाखवले, पण हातांना ते पटायला अनेक दिवस लागले. पातेल्यावरचे झाकण जसे सारखे खाली यायला पाहते तसे त्याचे हात खाली येत. शेवटी बारा नंबरने युक्ती काढली. सरावात त्याने अकरा नंबरच्या दोन्ही हातांत एकेक टेनिसचा चेंडू दिला. मूठ बंद राहिल्याने पकडण्याचा मोह सुटला. प्रेस फोडण्यासाठी आम्ही मधल्या वर्तुळात चार नंबरला उभे करू लागलो. सात नंबरने अडकण्याआधीच त्याला पास द्यायचा आणि बाजूच्या रेषेने धावणाऱ्याला त्याने पुढे काढायचे. फ्री थ्रो आता फक्त धावण्यानंतरच मारायचे ठरले. मैदानाच्या दोन फेऱ्या पूर्ण वेगाने मारायच्या, लगेच रेषेवर यायचे, दोन नेम मारायचे आणि पुन्हा धावायचे. रविवार जवळ आला की मुले स्वतःच विचारू लागली की, सर, या वेळी पहिला क्वार्टर कोणाचा.

बारा नंबरविषयी थोडे लिहिलेच पाहिजे. चाचणीत तो शेवटचा निवडला गेला. उंची बेताची, नेमही बेताचा. जुन्या पद्धतीने हंगाम गेला असता तर तो बाकावर बसून टाळ्या वाजवत राहिला असता आणि मला तो कसा आहे हे कळलेही नसते. सक्तीच्या त्या क्वार्टरमध्ये लक्षात आले की चेंडू रिंगवर आपटून कोणत्या बाजूला पडणार हे त्याला इतरांच्या अर्धा क्षण आधी समजते, आणि तेवढ्यात तो आपल्यापेक्षा उंच मुलाला पाठीने मागे रेटून जागा धरतो. अशी जागा धरणे, म्हणजे बॉक्स आउट, मी सगळ्यांना शिकवतो, मनापासून करतात थोडे. तो प्रत्येक नेमानंतर करीत असे, नेम आत गेला तरी. एका रविवारी त्याचे वडील सामना पाहायला आले होते, सामना संपल्यावर मला म्हणाले, “सर, हा घरी सांगायचा की मी खेळतो, पण आम्हाला वाटायचं नुसता जातो.”

झोनल ऑक्टोबरमध्ये झाली. यजमानांकडे 24 सेकंदांचे, म्हणजे नेम मारण्यासाठी संघाला मिळणारा वेळ दाखवणारे, घड्याळ नव्हते. अशा वेळी टेबलावर बसलेला मुलगा स्टॉपवॉच पाहून शेवटची दहा सेकंदे मोठ्याने मोजतो. रविवारच्या सामन्यांतही आम्ही हेच करत असल्याने आमची मुले आकडे ऐकून गोंधळली नाहीत. पहिल्या सामन्यात आम्ही मध्यंतराला मागे होतो. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला अकरा नंबरचा तिसरा फाऊल झाला तेव्हा मी त्याला बाहेर घेऊन बारा नंबरला आत पाठवले, आणि बाकावरच्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही. समोरच्या संघाने चौथ्या क्वार्टरमध्ये प्रेस टाकला. मधल्या वर्तुळातून चेंडू दोनदा व्यवस्थित सुटला, तिसऱ्यांदा त्यांनी सात नंबरला धरून पाडले. त्या क्वार्टरमधले त्यांचे चार फाऊल आधीच झालेले होते, त्यामुळे आम्हाला दोन फ्री थ्रो मिळाले. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि मिनिटभराहून कमी वेळ उरला होता. सात नंबरने चेंडू तीनदा आपटला, गुडघे वाकवले आणि दोन्ही नेम आत घातले. तीन गुणांची पिछाडी भरून बरोबरी साधण्यासाठी त्यांनी लांबून नेम मारला. शेवटच्या मिनिटांसाठी परत आत गेलेला अकरा नंबर समोर हात वर करून उभा राहिला, मारणाऱ्याला त्याने स्पर्श केला नाही, नेम रिंगच्या मागच्या कडेला लागला आणि परत उसळलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, बारा नंबरने घेतला. त्या सामन्यात अकरा नंबर चार फाऊलवर राहिला. माझ्या दृष्टीने तो निकालाइतकाच मोठा हिशेब होता.

दुसरा सामना सोपा गेला. उपांत्य फेरीत शहरातील एका महाविद्यालयाशी गाठ पडली आणि आम्ही मोठ्या फरकाने हरलो. त्यांच्या पाचांपैकी बहुतेक मुले वर्षभर क्लबमध्ये खेळणारी होती. पहिल्या मिनिटापासून त्यांनी प्रेस ठेवला आणि आम्ही मधल्या वर्तुळाची वाट धरली की ती वाटही बंद केली. तक्रारीला जागा नव्हती, ते आमच्यापेक्षा चांगले होते. मुंबईतील नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू घडवला, तो अशाच मोहल्ल्यातल्या मैदानावर वर्षभर चालणाऱ्या खेळातून. क्लबच्या मुलांच्या पायांत तीच सवय असते. आमची मुले एका हंगामात तिथवर पोहोचणे शक्य नव्हते, पण मध्यंतरापर्यंत ती त्यांच्या मागे-मागे टिकून होती, आणि ते टिकणे रविवारांमुळे आले होते.

संघाचा अधिकृत हंगाम तेथे संपला. चार नंबरचा मात्र चालू राहिला, कारण निवड समितीने त्याला चाचणीला बोलावले आणि सराव शिबिरानंतर विद्यापीठाच्या बारा जणांत त्याची निवड झाली. शिबिराच्या तारखा आणि त्याच्या अंतर्गत परीक्षेच्या तारखा एकमेकींवर आल्या होत्या. विभागप्रमुखांनी त्याच्यासाठी पुन्हा परीक्षा घेण्याचे मान्य केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण अशा ठिकाणी अनेक चांगली मुले खेळ सोडतात. पश्चिम विभागीय स्पर्धेत त्याला लाकडी मैदान आणि काचेचा बोर्ड पहिल्यांदाच मिळाला. परत आल्यावर त्याने सांगितलेल्या गोष्टींतली एक माझ्या कामाची होती. तेथे 24 सेकंदांचे घड्याळ बोर्डाच्या वर असते, आकडे कोणी ओरडून सांगत नाही, आणि चेंडू खेळवता खेळवता मान वर करून वेळ पाहण्याची सवय नसल्याने पहिल्या सामन्यात त्याच्या हातून दोनदा वेळ संपली. विद्यापीठाचा संघ पहिल्या चारांत आला नाही, त्यामुळे अखिल भारतीय स्पर्धा हुकली. तरीही परतल्यावर महिनाभर तो रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बाजूच्या रेषेवरून चेंडू आत घेण्याची तेथे शिकलेली रचना धाकट्यांकडून घोटून घेत होता.

परीक्षा संपल्यावर जानेवारीत आम्ही रविवारची साखळी पुन्हा सुरू केली, आणि या वेळी चाराऐवजी सहा महाविद्यालये आली. झोनल संपल्यावर कोणी खेळेल का, अशी शंका काही सहकाऱ्यांना होती. मुलांनी ती पहिल्याच रविवारी दूर केली. कनिष्ठ महाविद्यालयातील बारावीच्या मुलांनाही आम्ही चौथ्या क्वार्टरमध्ये उतरवले, कारण पुढच्या जुलैत तीच चाचणीला उभी राहणार आहेत. खर्च विचाराल तर पंचांचे मानधन, सिमेंटवर लवकर झिजणारे चेंडू आणि पोह्यांचा खर्च, एवढाच. तो सहा ठिकाणी वाटला गेल्याने कोणाच्याही क्रीडा निधीवर ताण आला नाही. या वर्षी बोर्डाच्या वर ठेवता येईल असे 24 सेकंदांचे एक घड्याळ सहा महाविद्यालयांनी मिळून घ्यायचे ठरले आहे, आणि ते ज्या रविवारी ज्यांच्याकडे सामने असतील तेथे एसटीतून नेण्याची जबाबदारी बारा नंबरने मागून घेतली आहे. आपल्या भागात अशी साखळी सुरू करू इच्छिणाऱ्या क्रीडाशिक्षकांना माझे सांगणे एवढेच की ऑगस्टमध्येच शेजाऱ्यांना फोन करा, आणि सर्व बारा मुलांना एक क्वार्टर देण्याची अट पहिल्या बैठकीतच लिहून घ्या.